गोंगाट कोणाचा, रंगमंच कोणाचा?

दिवसभर चालणारा हार्डकोअर पंक संगीताचा स्थानिक कार्यक्रम जगाच्या पाठीवर कोठेही पाहिला, तरी त्याचा साचा जवळपास सारखाच आढळतो. एखादे स्वस्त भाड्याचे सभागृह, तळघर किंवा सरावाची खोली, सहा-सात बँड, प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटे, आणि ड्रमचा एकच संच, जो सर्वांनी आळीपाळीने वापरायचा. दारात एक टेबल, त्यावर पैशांचा डबा. आताच ज्याने गाणे संपविले तोच गायक पुढच्या बँडच्या तारा जोडायला धावतो. दारात पैसे घेणारी मुलगीच तासाभराने गिटार घेऊन उभी राहते. मंच असलाच तर वीतभर उंचीचा, पुष्कळदा तोही नसतो. गाणे मिनिट-दोन मिनिटांचे, अतिशय वेगवान, गायिले जाण्यापेक्षा ओरडले जाणारे. श्रोते एकमेकांना धक्के देत नाचतात आणि कोणी पडला तर चार हात पुढे होऊन त्याला उठवितात. संध्याकाळ झाली की झाडलोट होते, भाडे चुकते केले जाते, उरलेले पैसे बाहेरगावाहून आलेल्या बँडच्या गाडीभाड्यासाठी जातात आणि मंडळी घरोघर पांगतात.

कोलकात्यात हा प्रवाह बारीक आहे. शहरातील मेटल आणि रॉक वाजविणाऱ्या तरुणांच्या वर्तुळातच तो मिसळलेला असतो, महाविद्यालयांच्या महोत्सवांत आणि भाड्याच्या सभागृहांत अधूनमधून वर येतो. ऐकणाऱ्यांची संख्या ब्रिगेड मैदानाच्या मानाने नगण्य म्हणावी अशी. मग राजकीय कार्यकर्त्याने त्याची दखल का घ्यावी? कारण असे की, ज्या शहरात गाणे आणि राजकारण गेली ऐंशी वर्षे एकमेकांत गुंतलेले आहे, त्या शहरात तरुणांच्या कर्कश संगीताचा प्रश्न डाव्या चळवळीपुढे पुन्हा पुन्हा येऊन उभा राहिला. आणि दर वेळी चळवळीने गाण्याच्या आवाजाकडे पाहिले, रंगमंचाच्या मालकीकडे पाहिले नाही.

‘अपसंस्कृती’चा खटला

१९७७ साली पश्चिम बंगालमध्ये डावी आघाडी सत्तेवर आली. जमीन, पंचायत आणि वर्गादारांचे हक्क यांबरोबरच संस्कृतीचा प्रश्नही तिच्या विचाराधीन होता. भांडवली बाजाराने फेकलेल्या सवंग, विकृत करमणुकीसाठी बंगालीत ‘अपसंस्कृती’ हा शब्द रूढ झाला. त्या शब्दामागील चिंता खोटी नव्हती. पण हळूहळू त्या शब्दाचा शिक्का झाला, आणि शिक्का हाती आला की तो कशावरही मारण्याचा मोह होतो.

१९८३ च्या सुमारास आघाडीच्या मंत्रिमंडळातील सार्वजनिक बांधकाममंत्री जतीन चक्रवर्ती यांनी गायिका उषा उथुप यांच्या गाण्यावर हा शिक्का मारला. सरकारी सभागृहात त्यांच्या कार्यक्रमाला परवानगी नाकारण्यात आली. त्या कोलकाता उच्च न्यायालयात गेल्या आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे जानेवारी १९८६ मध्ये सॉल्ट लेकच्या नव्या क्रीडांगणात ‘होप ८६’ या नावाने मुंबईच्या चित्रपटतारकांचा प्रचंड मेळा भरला. त्याच्या पाठीशी खुद्द आघाडीतील मंत्री सुभाष चक्रवर्ती उभे होते, आणि त्यावरून डाव्यांमध्येच मोठा वाद झाला.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. एका बाजूला पाश्चात्त्य ढंगात गाणारी एकटी गायिका, तिला दार बंद. दुसऱ्या बाजूला चित्रपटधंद्याची सारी झगमग, तिला राज्यातील सर्वांत मोठे क्रीडांगण खुले. निर्णय कोणत्या तत्त्वावर झाला? वर्गीय तत्त्वावर झाला असे म्हणता येत नाही. पहिल्या प्रसंगी मंत्र्यांच्या कानाला आवाज खटकला. दुसऱ्या प्रसंगी गर्दीचा मोह आवरला नाही. कार्यक्रमाचे भांडवल कोणाचे, नफा कोणाचा, मंचावर चढण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न दोन्ही वेळा बाजूलाच राहिले.

स्वरूप दोषी नसते

वाद तसा जुना आहे. १९४३ मध्ये जननाट्य संघ स्थापन झाला तेव्हापासून बंगालमधील गीतकारांत एक प्रश्न धुमसत होता: जनतेचे गाणे कोणत्या सुरात गायिले जावे? हेमांग विश्वास यांचा भर लोकसंगीतावर होता. शेतकऱ्याला त्याच्याच सुरात हाक दिली पाहिजे, असे ते मानीत. सलिल चौधरी आसामच्या चहामळ्यांत पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकत वाढले होते. त्यांनी समूहगानात पाश्चात्त्य स्वरमेळ आणला. हा वाद दोन प्रामाणिक कार्यकर्त्यांमधला होता आणि त्याचा निकाल अखेर लोकांनीच लावला. त्यांनी दोघांचीही गाणी आपली मानली.

महाराष्ट्रातील वाचकाला यासाठी बंगालपर्यंत जाण्याचेही कारण नाही. तमाशा अश्लील आहे, ग्राम्य आहे, सभ्य माणसाने त्याच्याकडे पाहू नये, असे पांढरपेशा समाज पिढ्यान् पिढ्या सांगत आला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून तोच फड, तीच ढोलकी, तीच बतावणी हाती घेतली आणि तिच्यातून गिरणगावाचे दुःख आणि संताप बोलता केला. गण राहिला, पण त्यातील वंदन बदलले. अण्णा भाऊंनी तमाशावर निकालपत्र लिहिले नाही. तमाशा कोणाच्या दारात उभा राहतो आणि कोणाच्या बाजूने बोलतो, एवढेच त्यांनी बदलले.

तोच न्याय विद्युत गिटारीलाही लावला पाहिजे. आवाज मोठा आहे, शब्द कळत नाहीत, पोरे वेड्यासारखी उड्या मारतात, हा आक्षेप रसिकतेचा आहे. त्याला राजकीय मूल्यमापन म्हणता येणार नाही.

१९७७ सालची दुसरी गोष्ट

ज्या १९७७ साली बंगालमध्ये सत्तापालट झाला, त्याच साली लंडनमध्ये पंकचा स्फोट झाला. आणि त्याच साली कोलकात्यातील काही तरुणांच्या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. बँडचे नाव ‘मोहीनेर घोडागुली’, म्हणजे महीनचे घोडे. ते जीवनानंद दास यांच्या कवितेतून घेतलेले. या बँडच्या केंद्रस्थानी असलेले गौतम चट्टोपाध्याय हे नक्षलवादी चळवळीत होते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांना अटक झाली, तुरुंगवास घडला, आणि सुटकेनंतर काही काळ बंगालबाहेर राहावे लागले. परतल्यावर १९७५ मध्ये त्यांनी भाऊ आणि मित्र यांना घेऊन हा बँड उभा केला.

या तरुणांनी बाउलांचे सूर आणि पाश्चात्त्य रॉक एकत्र आणले. चंद्र-चांदणी आणि विरह यांत रमलेल्या बंगाली गाण्यात त्यांनी शहराचा एकटेपणा, बेकारी, रस्ता आणि धूर आणला. १९७७, १९७८ आणि १९७९ अशा लागोपाठ तीन वर्षांत तीन लहान ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या फारशा कोणी ऐकल्या नाहीत. १९८१ पर्यंत बँड विखुरला. पुढे १९९५ मध्ये, नव्या पिढीच्या गायकांना बरोबर घेऊन त्यांच्या गाण्यांचा एक संग्रह कोलकाता पुस्तकमेळ्यात प्रसिद्ध झाला, आणि तेव्हा कोठे सगळ्या बंगालने त्यांना डोक्यावर घेतले. १९९९ मध्ये गौतम चट्टोपाध्याय गेले. २०२३ मध्ये याच बँडचे तापस दास कर्करोगाने आजारी पडले, तेव्हा उपचारांसाठी तरुण कलावंत आणि श्रोते पैसा उभा करण्यास पुढे सरसावले; पुढे राज्य सरकारने उपचारांची जबाबदारी घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले.

या कथेत चळवळीने शिकण्यासारखा एक कठोर धडा आहे. शहराच्या अस्वस्थ तरुणाईचे गाणे तिच्या डोळ्यांसमोर जन्मले होते, आणि ते जन्माला घालणारा माणूस याच मातीतील राजकारणातून आला होता. त्या गाण्याला अनेक वर्षे वाट पाहावी लागली. डाव्यांनी ते दडपले असे कोणी म्हणणार नाही. त्याच्याकडे लक्षच गेले नाही, हे अधिक खरे आहे. सभा होत्या, महोत्सव होते, सभागृहे होती. त्यांत या मुलांना कायमची जागा मात्र नव्हती.

कर्झन पार्कचा वारसा

जागेचा हा प्रश्न त्याच शहरात एका नाटककाराने सोडविला होता, आणि त्याची रीत हार्डकोअरच्या कार्यक्रमाशी आश्चर्यकारक रीतीने मिळतीजुळती आहे. छबिलदासच्या दिवसांपासून मराठी रंगकर्मींना परिचित असलेले बादल सरकार यांनी १९६७ मध्ये ‘शताब्दी’ ही संस्था काढली आणि सत्तरच्या दशकात ते बंदिस्त रंगमंचातून बाहेर पडले. नेपथ्य नाही, प्रकाशयोजना नाही, तिकीट नाही. प्रेक्षक नटांच्या भोवती, त्याच जमिनीवर. प्रयोग संपला की ज्याला जे देता येईल ते त्याने द्यावे. शनिवारी संध्याकाळी कर्झन पार्कच्या हिरवळीवर असे प्रयोग होत. खर्चच इतका कमी केलेला होता की पैसा देणाऱ्याची मर्जी सांभाळण्याचे कारण उरत नसे.

या रीतीची ताकद सत्ताधाऱ्यांना बरोबर कळली होती. २० जुलै १९७४ रोजी त्याच कर्झन पार्कमध्ये पोलिसांच्या हल्ल्यात प्रवीर दत्त हा तरुण मारला गेला. लोक एकत्र येतात, कोणाची परवानगी मागत नाहीत आणि कोणाच्या पैशावर अवलंबून राहत नाहीत, याचीच धास्ती तेव्हा वाटली होती. बादल सरकारांच्या नाटकात विद्युत गिटार नव्हती. पण तेथे आणि आजच्या भाड्याच्या खोलीतील कार्यक्रमात एक समान सूत्र आहे: निर्मितीचे साधन निर्माण करणाऱ्याच्याच हातात ठेवण्याचा प्रयत्न.

हार्डकोअरचे अर्थकारण

पंकचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. लंडनच्या पहिल्या पंक बँडना मोठ्या कंपन्यांनी पाहता पाहता विकत घेतले. सेक्स पिस्टल्सने तर १९७६ मध्येच ईएमआय या बलाढ्य कंपनीशी करार केला होता. फाटके कपडे आणि टाचण्या दुकानांत विकायला आल्या. १९८० च्या सुमारास अमेरिकेत जो हार्डकोअर पंक उभा राहिला, तो अंशतः या विक्रीची प्रतिक्रिया होता. वॉशिंग्टनमध्ये शाळकरी वयाच्या मुलांनी १९८० साली ‘डिस्कॉर्ड’ ही स्वतःची ध्वनिमुद्रिका संस्था काढली. मद्यालयांत अल्पवयीन मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी सर्व वयांच्या श्रोत्यांना येता येईल अशा दिवसाच्या कार्यक्रमांचा आग्रह धरला. त्यातल्याच अनेकांनी दारू आणि अमली पदार्थ यांना साफ नकार दिला. पुढे त्यांच्यातूनच निघालेल्या फुगाझी या बँडने नाव झाल्यावरही प्रवेशमूल्य वर्षानुवर्षे पाच डॉलरच्या आसपास ठेवले. गोंगाट करणारी पोरे नशेबाज असतात, या समजुतीला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

ब्रिटनमध्ये याच संगीताने वंशवादाविरुद्ध फळी उभारली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्राफल्गार चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत निघालेल्या प्रचंड मोर्चानंतर द क्लॅश आणि स्टील पल्स एकाच मंचावर वाजले. गोऱ्यांचे पंक आणि काळ्यांचे रेगे एकाच मैदानात. ‘परक्या संस्कृती’च्या लोकांचा लोंढा येत असल्याचे भय मार्गारेट थॅचर यांनी बोलून दाखविले, तेव्हा लंडनमधील पाकिस्तानी वंशाच्या तरुणांनी १९७९ मध्ये आपल्या पंक बँडचे नावच ‘एलियन कल्चर’ ठेवले. डिसेंबर २०११ मध्ये इंडोनेशियातील बांदा आचे येथे पोलिसांनी पंकच्या एका कार्यक्रमावर धाड घालून साठांहून अधिक तरुणांना पकडले, त्यांचे मुंडन केले आणि ‘सुधारणे’साठी छावणीत ठेवले. संस्कृतिरक्षणाचा शिक्का राज्यसत्तेच्या हाती गेला की तो कोठपर्यंत पोहोचतो, हे त्यावरून दिसते.

मर्यादाही स्पष्ट आहेत

तरीही या संगीताचे भाबडे कौतुक करून चालणार नाही. हाच आवाज, हाच वेग घेऊन इंग्लंडमधील स्क्रूड्रायव्हर या बँडने उघड नाझीवादाचा प्रचार केला. आवाज स्वतः कोणत्याही बाजूचा नसतो, याचा हा दुसऱ्या बाजूने मिळणारा पुरावा आहे. दुसरे असे की, ओरडणे म्हणजे संघटन नव्हे. दिवसभर संताप व्यक्त करून हलका झालेला तरुण सोमवारी सकाळी त्याच कंत्राटी नोकरीवर, त्याच कॉल सेंटरच्या खुर्चीत जाऊन बसतो. आपले लहानसे वर्तुळ शुद्ध ठेवण्याच्या नादात बाहेरच्या कष्टकऱ्यांशी नाते तोडण्याची मध्यमवर्गीय प्रवृत्तीही येथे भरपूर आहे. भारतात तर गिटार, ध्वनिवर्धक आणि इंग्रजी या तीन गोष्टी अनेकांना दारातच अडवितात. शिवाय धक्काबुक्कीच्या गर्दीत मुलींना मागे ढकलले जाते. म्हणूनच नव्वदच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील पंक मुलींना स्वतंत्र आघाडी उघडून मुलींना पुढे येऊ द्या, अशी हाक द्यावी लागली.

या मर्यादा खऱ्या आहेत. पण त्या बाहेरून निकाल देऊन दूर होत नाहीत. हेमांग विश्वास आणि सलिल चौधरी यांचा वाद चळवळीच्या आत झाला, म्हणून तो फलदायी ठरला. गिरणी कामगारांच्या चाळीत अण्णा भाऊ स्वतः राहत होते, म्हणून फड बदलता आला.

बंदीही नको, उसनवारीही नको

सप्टेंबर २०१४ मध्ये जादवपूर विद्यापीठात पोलीस शिरले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना मारहाण केली. २० सप्टेंबरला हजारो विद्यार्थी भर पावसात, गिटारी घेऊन, गात रस्त्यावर उतरले. जानेवारी २०१५ मध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या आंदोलनाचे नाव होते ‘होक कलरव’, म्हणजे कोलाहल होऊ द्या. बांगलादेशी गायक अर्णव यांच्या गाण्याचे ते नाव. ज्या कोलाहलाला एका पिढीने अपसंस्कृती म्हटले, त्याच कोलाहलाची दुसऱ्या पिढीने घोषणा केली.

यानंतर चळवळीने काय केले? २८ फेब्रुवारी २०२१ च्या ब्रिगेड सभेच्या प्रचारासाठी ‘टुम्पा’ या आदल्या वर्षी गाजलेल्या उडत्या गाण्याच्या चालीवर नवे शब्द बसविण्यात आले. गाणे घरोघर वाजले. सभेला गर्दीही झाली. त्यावर पुन्हा अपसंस्कृतीचा वाद झाला. त्या निवडणुकीत डाव्या आघाडीला विधानसभेत एकही जागा मिळाली नाही. पराभवाचे खापर एका गाण्यावर फोडणे हास्यास्पद ठरेल. त्याची कारणे खोल आहेत. पण सांस्कृतिक कार्याच्या दृष्टीने येथे एक वर्तुळ पूर्ण झाले. १९८३ मध्ये गाण्याला बंदी होती. २०२१ मध्ये गाण्याची उसनवारी झाली. दोन्ही प्रसंगी तरुणांचे गाणे हे वापरावयाचे किंवा फेकावयाचे साधन मानले गेले. ज्या तरुणांनी स्वतःचे गाणे स्वतः रचले, त्यांच्यासाठी दार उघडण्याचा तिसरा मार्ग दोन्ही वेळा तसाच राहिला.

तो मार्ग अवघड नाही. कोलकात्यात, मुंबईत, सोलापुरात कामगार संघटनांच्या कार्यालयांना आणि विद्यार्थी-युवकांच्या संघटनांना जोडलेली लहान-मोठी सभागृहे आहेत. त्यांतली अनेक सभागृहे महिन्यातले कितीतरी रविवार कुलूपबंद असतात. त्यातला एक रविवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्थानिक बँडना, शाहिरांना, रॅप गाणाऱ्या वस्तीतल्या मुलांना द्यावा. अटी तीनच असाव्यात: कंपनीची जाहिरात नाही, प्रवेशमूल्य कोणालाही परवडेल असे, आणि स्त्रीला, दलिताला, अल्पसंख्याकाला तेथे निर्धास्त वावरता आले पाहिजे. गाण्याचे शब्द आधी तपासायला मागू नयेत. शेवटी पक्षाचे भाषण ठेवण्याचा मोहही टाळावा. कार्यकर्त्याने तेथे जावे, खुर्च्या उचलाव्यात, कान दुखले तरी शेवटपर्यंत थांबावे, आणि जे पटले नाही त्यावर दारातल्या चहाच्या टपरीवर मुलांशी वाद घालावा. त्याच मुलांपैकी कोणाचे कंत्राट संपले, कोणाचा पगार थकला, हेही त्याला तेथेच कळेल.

रात्र रात्र जात्रा पाहणाऱ्या आणि डोव्हर लेनच्या मैफलीत पहाट करणाऱ्या शहराला दिवसभर ऐकत बसणे नवे नाही. आता त्या शहरातील डाव्यांनी आपल्या सभागृहांच्या किल्ल्या या मुलांच्या हाती देण्याचे धैर्य दाखवावे. ती काय वाजवितात हे किल्ली दिल्यानंतर ऐकता येईल.